धुराड्याच्या गळ्याशी

रोहिणी सरत येऊन मृग तोंडावर आला की गृहस्थाची नजर वर जाऊ लागते. आकाशाकडे थोडी आणि छपराकडे अधिक. गेल्या पावसाळ्यात परात कोठे ठेवावी लागली होती, कोणाचे अंथरूण भिंतीपासून हातभर सरकवावे लागले होते, हे घरातील लहानथोरांस तोंडपाठ असते. तरीही वैशाख संपेपर्यंत छपरावर कोणी चढत नाही. आज साऱ्या छपराविषयी न बोलता त्यातील हातभर जागेविषयीच बोलावयाचे आहे. स्वयंपाकघराचे धुराडे छपरातून जेथे वर निघते, ती ही जागा. उतरत्या छपराचे घर असेल आणि त्यास असे धुराडे असेल, तर पाणी बहुधा पहिल्याने तेथेच शिरते, आणि दुरुस्तीही बहुधा तेथेच चुकते.

ज्या घरामुळे हा विषय मनात घर करून राहिला, ते भिलाईस पावर हाउस भागात आहे. दूरच्या वाचकांस हे नाव चमत्कारिक वाटेल. परंतु मुंबई–हावडा लोहमार्गावर भिलाई पावर हाउस या नावाचे स्थानकच आहे. त्याच्या आसपास बाजार, नंदिनीकडे जाणारा रस्ता, आणि कॅम्प एक व कॅम्प दोन या जुन्या वस्त्या. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दुर्ग जिल्ह्याचा कारभार १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातूनच चालत असे. त्यामुळे विदर्भातील कुटुंबांस हा मुलूख परका नव्हता. माझ्या मावसबहिणीचे सासर अशांपैकीच एक. घर मागील बाजूस अजून जुन्या वळणाचे आहे: पुढे सिमेंटचा स्लॅब, मागे स्वयंपाकघरावर नळीचे कवेलू. आपण पश्चिमेकडील मंडळी कौल म्हणतो, विदर्भात कवेलू म्हणतात, छत्तीसगढात खपरा. आणि तेथे साऱ्या छपरास छानी म्हणतात.

या स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहेच. तथापि आंघोळीचे पाणी, भाकरी आणि सिलिंडर संपल्याचे दोन-चार दिवस यांसाठी बहिणीच्या सासूबाईंची चूल अजून चालते. चुलीचा धूर जावा म्हणून चार इंची सिमेंटची नळी कवेलूंतून वर काढलेली होती. नळीभोवती पावसात पाणी गळू लागले, तेव्हा मुलाने तेथे सिमेंट थापले. दुसऱ्या वर्षी पुन्हा गळले, त्याने अधिक थापले. तिसऱ्या वर्षी सिमेंटवर डांबर ओतले. चौथ्या वर्षी तो कंटाळला. त्याने नळीच उपटून काढली आणि भोकावर कवेलू घालून ते बंद केले. गळती थांबली. चूल मात्र थांबली नाही.

मी गेलो त्या दिवशी म्हातारीचे डोळे लाल होते आणि ती बोलता बोलता खोकत होती. गळती तरी थांबली ना, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “भाऊ, पाणी गळत होतं तेव्हा परात ठेवता येत होती. धुराखाली काय ठेवू?”

घरातील धूर ही केवळ डोळे चोळण्याची गोष्ट नाही. चुलीच्या व तत्सम इंधनाच्या धुराने घरातील हवा दूषित होऊन २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात या धुराचा विचार फार पूर्वी सुरू झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल पुढे आली; हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील राजू यांचे निर्धूर स्वयंपाकघरांविषयीचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले; पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर गेला. या साऱ्या प्रयत्नांत चुलीचे तोंड किती रुंद असावे, आतील हवेची वाट कशी असावी, यावर पुष्कळ विचार झाला. परंतु नळी छपरातून बाहेर पडते तेथे पुढील वीस पावसाळे काय होणार, हा प्रश्न माझ्या मते घरच्यांवरच सोडला गेला. आणि घरच्यांजवळ त्याचे उत्तर एकच असते, ते म्हणजे सिमेंट.

सिमेंट तेथे का टिकत नाही, ते आधी पाहू. छप्पर ही स्थिर वस्तू नाही. वासे व रिपा लाकडाच्या. त्या पावसात ओल धरून फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. कवेलू वाऱ्याने आणि स्वतःच्या भाराने तिळातिळाने खाली सरकते. नळी तर रोज दोनदा तापते आणि दोनदा निवते. मे महिन्यात भिलाईस पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. जूनमध्ये पहिली सर आली की तेच छप्पर घटकाभरात गार पडते. अशा तीन निरनिराळ्या चालींच्या वस्तूंना सिमेंटने घट्ट बांधून ठेवले, तर कोठेतरी तुटणारच. जे तुटते ते सिमेंट. त्यात आणि नळीत केसाएवढी फट पडते, आणि पाण्यास केसाएवढी वाट पुरेशी होते. आम्ही ज्या वृद्ध कारागिरास बोलावले, त्याने वर चढून जुन्या सिमेंटचे कडे दाखवले. ते दगडासारखे टणक होते. पण जेथे नळी होती त्या भोकाच्या कडेने त्याने गवताची काडी सहज आत सारली. डांबराचीही हीच गत. एक पावसाळा ते लवचीक राहते, एका उन्हाळ्यानंतर भेगाळते.

मग उपाय कोणता? कवेलू ज्या नियमाने पाणी अडवते तोच. कवेलू कोणत्याही लेपाने चिकटवलेले नसते. वरच्या ओळीचे टोक खालच्या ओळीच्या माथ्यावर येते, एवढीच त्याची युक्ती; पाणी वरून खाली जाताना प्रत्येक पायरीस पुढच्या कवेलूच्या पाठीवर पडते, कधीही त्याच्या पोटाखाली जात नाही. धुराड्यासाठी या ओळींत भोक पडले की ती साखळी तुटते. उतारावरून येणारे पाणी नळीच्या वरच्या बाजूस अडते, तेथे पालापाचोळा साठतो, छोटा बांधच तयार होतो, आणि पाणी बाजूस वळून रिपांत उतरते. तुटलेली साखळी पुन्हा जोडण्यासाठी पत्र्याचा एक तुकडा घ्यावयाचा आणि तो कवेलूंच्याच ओळीत बसवावयाचा. इंग्रज अभियंते त्यास फ्लॅशिंग म्हणत. आपण गळपट्टा म्हणू, कारण तो धुराड्याच्या गळ्याशी बसतो. त्याचा सारा नियम एका वाक्यात येतो: वरची कड वरच्या कवेलूंच्या खाली, खालची कड खालच्या कवेलूंच्या वर. हा क्रम बरोबर असेल तर लेप नसला तरी चालते. हा क्रम चुकला तर कितीही लेप लावा, पाणी आत येणार.

पावर हाउसच्या बाजारात एका पत्रेवाल्याकडून आम्ही तो करून घेतला. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ होतात, जहाजांस लागणाऱ्या जाड प्लेटी होतात, सळया होतात. परंतु चुलीच्या धुराड्यास हवा तो पातळ जस्ती पत्रा येथे होत नाही, तो बाहेरूनच येतो. असो. २४ गेजचा, सुमारे अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद तुकडा घेतला. त्यात नळीसाठी भोक पाडले. ते गोल नव्हे, लंबगोल, कारण उभी नळी तिरप्या छपरास लंबगोलातच छेदते. भोक मध्यभागी न पाडता थोडे खालच्या अंगास पाडले, म्हणजे वरच्या बाजूस कवेलूंखाली जाण्यास पत्रा अधिक उरतो. भोकाभोवती वीतभर उंचीची पत्र्याची गळी उभी करून ती खाली झाळून घेतली. दोन्ही बाजूंच्या व वरच्या कडा बोटभर वर उचलून आत वळवल्या. हा वळ फार महत्त्वाचा. पत्र्यावर आलेले पाणी त्यामुळे पन्हळीत चालल्याप्रमाणे खाली जाते. बाजूने ओघळून रिपांवर पडत नाही, आणि वाऱ्याने उलट रेटले तरी वरची कड ओलांडत नाही.

बसवताना आधी भोकाभोवतीचे दोन-दोन हात कवेलू उतरवले, जुने सिमेंट फोडून काढले, कुजलेली एक रीप बदलली. मग पत्रा ठेवून वरच्या दोन ओळी त्याच्या माथ्यावर वीतभर चढतील अशा परत लावल्या, बाजूचे कवेलू वळांवर आणले, आणि खालची कड खालच्या ओळीवर मोकळी सोडली. नळीचे कवेलू अर्धगोल असते, सपाट पत्रा त्यावर बसत नाही. म्हणून खालची कड लाकडी हातोडीने ठोकून कवेलूंच्या वळणात बसवावी लागली. याच कामास अर्धा दिवस गेला. मंगलोरी कौलांवर हे त्या मानाने सोपे जाते. ती कौले मंगळूरास बासेल मिशनने १८६५ साली कारखान्यात करावयास घेतली. ती एका साच्याची असल्याने पत्राही एका मापात वळवता येतो.

नळी गळीतून वर घेतली तेव्हा मुलाने सवयीने सिमेंटची पाटी पुढे केली. कारागिराने ती खाली ठेवावयास लावली. नळी आणि गळी यांच्यात बोटभर जागा मोकळीच ठेवावयाची असते, म्हणजे नळी तापून हलली तरी पत्रा ओढला जात नाही. या मोकळ्या जागेत पाणी पडू नये म्हणून गळीच्या जरा वर नळीलाच पत्र्याची लहान छत्री पट्ट्याने आवळून बसवतात. छत्री आणि नळी यांच्यातील फट उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनने बुजवावी. छत्री आणि गळी यांच्यामधली मात्र कधीही बुजवू नये. नळीच्या माथ्यावर टोपी हवी. तोंड आढ्याहून दोनेक फूट उंच असले म्हणजे वारा धूर परत घरात लोटत नाही. नव्याने धुराडे काढणार असाल, तर ते आढ्याच्या जितके जवळ काढाल तितके छपरावरचे कमी पाणी त्याच्याकडे वाहत येईल.

आगीचे भान येथे सुटता कामा नये. वासा किंवा रीप धुराड्यास टेकलेली नसावी. नळी एकेरी पत्र्याची असेल तर ती फार तापते; लाकूड तिच्यापासून दीड फूट दूर असावे, आणि तेवढी जागा नसेल तर छपरातून जाणारा भाग दुहेरी नळीचा, मध्ये उष्णतारोधक भरलेला घ्यावा. गवती किंवा पऱ्हाटीच्या छपरातून धुराडे मुळीच काढू नये, भिंतीतून काढावे.

विटांचे चौकोनी धुराडे असलेली घरे आपल्याकडे थोडी. पचमढी, महाबळेश्वर अशा थंड ठिकाणच्या जुन्या बंगल्यांत ती दिसतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे दुर्गकडच्या पावसाच्या चौपटीहून अधिक. तेथे या सांध्याची खरी परीक्षा होते. विटांच्या धुराड्यास पत्रा दोन तुकड्यांत लावतात. एक तुकडा छपरावर पसरून धुराड्याच्या अंगावर वीतभर वर चढवलेला; दुसरा वरून विटांच्या सांध्यात इंचभर खोल रुतवून पहिल्यावर पदरासारखा सोडलेला. दोन्ही एकमेकांस जोडत नाहीत. छप्पर खचले तर खालचा तुकडा त्याच्याबरोबर जातो, पदर जागीच राहतो, फट पडत नाही. धुराडे अडीच फुटांहून रुंद असेल तर त्याच्या वरच्या अंगास पत्र्याचे लहानसे आढे करून पाणी दोन्ही बाजूंस फोडून द्यावे लागते. सांध्यात पत्रा रुतवताना अॅल्युमिनियम वापरू नका. ओल्या सिमेंट-चुन्याने ते खाल्ले जाते. तांब्याचा पत्रा वर आणि जस्ती खाली असेही करू नका. तांब्यावरून येणारे पाणी जस्त खाते. विलायतेत या कामास शिसे वापरीत आले आहेत, ते मऊ असल्याने वळते सुरेख. पण छपराचे पाणी पिण्यासाठी साठवत असाल तर शिसे वर्ज्य.

पुष्कळ वाचकांच्या घरी कवेलू नसून सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील. त्यांस माझी कळकळीची विनंती आहे की वर चढण्यापूर्वी दहादा विचार करा. हे पत्रे जुने झाले की ठिसूळ होतात आणि पाऊल पडताच तुटतात. तुटण्यापूर्वी कसलीही सूचना देत नाहीत. दोन कैच्यांवर टेकेल अशी रुंद फळी टाकल्यावाचून त्यांवर पाय ठेवू नये, आणि खाली दुसरे माणूस असल्यावाचून चढू नये. जुन्या पत्र्यांत व नळ्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते करवतीने कापल्यास किंवा कोरडे घासल्यास उडणारी धूळ फुफ्फुसांस घातक असते. म्हणून भोक पाडणे, नळी कापणे ही कामे घरी करू नयेत, ती जाणत्या माणसाकडून काळजीपूर्वक करवावीत. कवेलूवरही पाय वाशाच्या रेषेत, फळी टाकूनच ठेवावा. गळती राहिली तरी घर राहते. कर्ता माणूस पडला तर काय होते ते मी सांगावयास नको.

पण मुळात पाणी धुराड्यापाशीच शिरते आहे, हे कशावरून? आत जेथे थेंब पडतो तेथेच वर भोक असते असे नाही. पाणी वाशाच्या पोटाने हातभर, दोन हात चालत जाते आणि मग गळते. यासाठी कोरड्या दिवशी एकाने बॅटरी घेऊन आत उभे राहावे आणि दुसऱ्याने वरून लोट्याने पाणी ओतावे; आधी धुराड्याच्या खालच्या अंगास, मग बाजूंना, शेवटी वरच्या अंगास. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबावे. घाई करून आधीच वरून ओतले तर सारे एकदम ओले होते आणि काहीच कळत नाही. आतील ओघळ तपकिरी, काजळीचे असतील तर पाणी सांध्यातून नव्हे, धुराड्याच्या तोंडातूनच येत असण्याचा संभव असतो. तेथे टोपी बदलून भागेल, कवेलू हलवण्याचे कारण नाही.

हे सर्व नवतपा लागण्यापूर्वी, सकाळी लवकर उरकावे. त्या बाजूस पाऊस जूनच्या मध्यास येतो आणि त्याआधीच्या पंधरवड्यात कारागीर मिळत नाही; मिळाला तर तीन घरे अर्धवट उघडी टाकून चौथ्या घरी गेलेला असतो. आमच्या कारागिरास आम्ही वैशाखातच गाठले होते. पत्रा, गळी, छत्री, त्याची दोन दिवसांची मजुरी, सारे मिळून जो खर्च आला, तो तीन वर्षांच्या सिमेंट-डांबराहून फारसा अधिक नव्हता, असे मुलानेच हिशेब करून सांगितले.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बहिणीचा फोन आला. चुलीपाशी कोरडे होते. म्हाताऱ्या सासूबाईंनी सवयीने परात मांडून ठेवली होती, तिच्यात राखेशिवाय काही नव्हते. परंतु पलीकडे, भांड्यांच्या फळीवर, जेथे कधीच गळत नसे, तेथे टपटप चालू होती. दुसऱ्या दिवशी मुलाने फळी टाकून पाहिले. धुराड्याचा दोष नव्हता. आदल्या आठवड्यात वानरांची टोळी छपरावरून गेली होती आणि तिने दोन कवेलू फोडले होते. त्याने ते काढून दोन नवे सरकवले, आणि खाली उतरताना छत्रीचा पट्टा आवळलेला आहे की नाही तेही पाहून घेतले.